श्रीचावुण्डराजें करवियलें : एका इतिहास-स्पर्धेच्या परीक्षकाचे टिपण

सकाळी साडेनऊला मी शाळेच्या सभागृहात पाऊल ठेवले, तेव्हा समोर बाहुबली उभे होते. थर्माकोलचे, सुमारे सात फूट उंचीचे, पायांवर हिरव्या कागदाच्या वेली चढलेले. पायथ्याशी विंध्यगिरीच्या पायऱ्या, त्यांवर पुठ्ठ्याचे चिमुकले यात्रेकरू आणि बाजूला एक बटण. ते दाबले की ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होई : “इसवी सन ९८३. मराठी भाषेचे पहिले वाक्य येथे जन्मले…” प्रतिकृती पाहायला आलेली पालकमंडळी मोबाईलमध्ये छायाचित्रे काढीत होती. स्पर्धेचा निकाल तेथेच लागला आहे, असे वातावरण होते.

कृष्णाकाठच्या एका गावातील ही शाळा. तेथे दर वर्षी जानेवारीत आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरशालेय इतिहास-प्रकल्प स्पर्धा भरते. एकतीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर परीक्षक म्हणून मला बोलावणी येऊ लागली. पहिली काही वर्षे मी ती मानाची म्हणून स्वीकारली. नारळ, शाल, चहा, चार प्रश्न, गुणपत्रिकेवर सही, आणि ‘सर्वच प्रकल्प उत्तम होते, निवड करणे अवघड गेले’ हे ठरलेले भाषण. आता ते वाक्य उच्चारताना संकोच वाटतो, कारण सर्वच प्रकल्प उत्तम कधीच नसतात, आणि कोणता उत्तम हे कळण्यासाठी जे करावे लागते ते आम्ही परीक्षक फार क्वचित करतो.

ते शहाणपण मला आले ते अमेरिकेत राहणाऱ्या नातीमुळे. तिच्या शाळेत ‘नॅशनल हिस्टरी डे’ नावाची स्पर्धा असते. १९७४ मध्ये क्लीव्हलँड शहरातील एका विद्यापीठात तिचा आरंभ झाला. आज दर वर्षी पाच लाखांहून अधिक विद्यार्थी तिच्यात भाग घेतात आणि अंतिम फेरी मेरीलँड विद्यापीठाच्या आवारात होते. निबंध, प्रदर्शनफलक, माहितीपट, नाट्यप्रयोग, संकेतस्थळ, यांपैकी कोणतेही माध्यम घ्यावे. मात्र प्रत्येक साधनाची सूची जोडावी लागते, तीही टिपांसह : हे साधन मूळ की दुय्यम, आणि मला त्याचा काय उपयोग झाला. गुणांपैकी ऐंशी टक्के ऐतिहासिक गुणवत्तेला आणि वीस टक्के मांडणीच्या स्पष्टतेला. परीक्षक दोघे-तिघे असतात, ते मुलांशी बोलतात आणि शेवटी आपापल्या गुणांची सरासरी न काढता चर्चेने क्रम ठरवतात. नातीने हे सारे मला दूरध्वनीवर समजावून सांगितले. त्या ऐंशी-वीसच्या प्रमाणाने मला पुढे कित्येक दिवस अस्वस्थ केले. आमच्याकडे ते बहुधा उलटे असते, आणि त्यात पालकांच्या हस्तकौशल्याचा वाटा वेगळाच.

त्याच स्पर्धेची आणखी एक कथा आहे. १९९९ मध्ये कॅन्सस राज्यातील युनियनटाउन या छोट्याशा ग्रामीण गावातल्या शाळकरी मुलींच्या हाती एका साप्ताहिकातील कात्रण पडले. इरेना सेंडलर नावाच्या पोलिश स्त्रीने दुसऱ्या महायुद्धात वॉर्सातील ज्यू वस्तीतून २५०० मुले वाचवली, असे त्यात होते. त्यांच्या शिक्षकांना वाटले, ही छपाईची चूक असावी, आकडा २५० असेल. मुलींनी ते ताडून पाहायचे ठरवले. त्या शोधात त्यांना कळले की ही बाई हयात आहे. २००१ मध्ये त्या वॉर्साला जाऊन तिला भेटल्या. मुलांची खरी नावे लिहून, बरणीत घालून सफरचंदाच्या झाडाखाली पुरून ठेवणारी ही स्त्री जगाला माहीत झाली, त्यात एका शालेय स्पर्धेतल्या शंकेचा मोठा वाटा होता. ‘आकडा चुकला असेल का?’ एवढीच ती शंका.

तेव्हापासून मी आयोजकांना एकच अट घालते : प्रकल्पवह्या आदल्या दिवशी घरी पाठवा. या वर्षी सव्वीस आल्या. रात्री अकरापर्यंत वाचीत बसले. त्यांपैकी पंधरा-सोळा वह्यांत तोच मजकूर, तीच चित्रे, एवढेच नव्हे तर त्याच शुद्धलेखनाच्या चुका होत्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यावर तीन वह्या होत्या. कुंभोजचा जन्म, १८८७, काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना, १९१९, वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, सारे बरोबर. मात्र एका वहीत दागिने देतानाचा पती-पत्नींचा संवाद पानभर होता आणि त्यानंतर ‘भाऊराव मनात म्हणाले’ अशी सुरुवात करून आणखी पानभर. दुसऱ्या दिवशी मी त्या गटाला विचारले, “ते मनात काय म्हणाले, हे तुम्हांला कोणी सांगितले?” मुलांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्यांतला धीट मुलगा म्हणाला, “गुगलने, मॅडम.” आम्ही तिघेही परीक्षक हसलो, तोही हसला. पण त्या मुलांना मी काय दोष देणार? कर्मवीरांवरील सभांमधून आम्ही मोठी माणसे तेच करीत आलो आहोत.

माझ्या सोबतचे परीक्षक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, सीमाभागातले, कन्नड आणि मराठी दोन्ही सारख्याच सहजतेने वाचणारे. आणि एक तरुण संशोधक, जिची पुराभिलेखागारात मोडी कागद वाचण्यात वर्षे गेलेली. सर मितभाषी. संशोधक बाईंचा प्रत्येक मुलाला पहिला प्रश्न एकच : “हे तुला कुठे मिळाले?” त्या प्रश्नाने दुपारपर्यंत निम्मे सभागृह गप्प केले.

जत तालुक्यातून आलेल्या आठवीतल्या एका मुलाकडे ना प्रतिकृती होती ना रंगीत फलक. दोन वह्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले, कडा झिजलेले एक रेशनकार्ड. विषय १९७२ चा दुष्काळ. त्याने गावातल्या सात म्हाताऱ्या माणसांना भेटून खडी फोडण्याच्या, पाझर तलावाच्या मातीकामाच्या, मिलोच्या लालसर भाकरीच्या आणि सुकडीच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घेतल्या होत्या. आजी म्हणाली, तलावाचे काम दिवाळी झाल्यावर निघाले. शेजारची म्हातारी म्हणाली, नाही, संक्रांत झाल्यावर. मुलाने दोन्ही लिहिले होते आणि खाली : ‘दोघींना पुन्हा विचारले. दोघी आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत. कोणाचे बरोबर हे मला ठरवता आले नाही.’ एका गोष्टीबद्दल सातही जण एकाच शब्दात बोलले होते, ती म्हणजे विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणे. “मिलो कसा लागायचा, विचारलेस का?” असे मी म्हटले, तर तो म्हणाला, “आजीनं सांगितलं नाही. नुसती हसली.” हेही त्याने वहीत लिहिले होते.

आणि मग ती मुलगी.

नववीतली, आपल्याच समाजातली. गावाचे नाव लिहीत नाही. तिची वही मी रात्री सर्वांत शेवटी उघडली होती आणि नंतर बराच वेळ झोप आली नव्हती. शीर्षक होते : ‘मराठीतील पहिले वाक्य : एक गैरसमज’.

श्रवणबेळगोळच्या गोम्मटेश्वराच्या पायांशी देवनागरीत कोरलेल्या दोन ओळी वाचकांना ठाऊक आहेत. पहिली, ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. दुसरी, ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’. चावुण्डराय हे गंग राजांचे मंत्री आणि सेनापती; ही महामूर्ती त्यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवली. त्यांचा कन्नड ‘चावुण्डरायपुराण’ ९७८ चा. याच आशयाच्या ओळी तेथे कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही आहेत. मूर्तीचा काळ ९८१ ते ९८३ असा धरला जातो, आणि त्यावरून ‘९८३ मधील मराठीचे आद्य वाक्य’ हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शाळांत म्हटले गेले. मीही ते एकतीस वर्षे म्हणून घेतले. परीक्षेत एका गुणाला विचारले.

मुलीचा मुद्दा साधा होता. या ओळींवर शक कोरलेला नाही. तेव्हा ९८३ हे वर्ष मूर्तीचे, वाक्याचे नव्हे. वाक्याचा काळ अक्षरांवरून ठरवावा लागेल. आता दुसरी ओळ पाहा : गंगराजाने ‘सुत्ताले’, म्हणजे मूर्तीभोवतीचा परिवेष करवला. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकाच्या आरंभीचा. परिवेषाचे काम १११७ च्या सुमाराचे. दोन्ही ओळींत ‘करविय’ ही अक्षरे आहेत. तिने मामांच्या महाविद्यालयातील ग्रंथालयातून या लेखाच्या ठशाचे छायाचित्र मिळवले, ट्रेसिंग पेपरवर दोन्ही ठिकाणचे ‘क’, ‘र’, ‘वि’, ‘य’ गिरवले आणि एकावर एक ठेवून वहीत चिकटवले. वळण एकच दिसत होते. दोन्ही ओळी एकाच हातच्या असतील, तर पहिली ओळ गंगराजाच्या आधीची कशी असेल?

हा युक्तिवाद तिने शोधलेला नाही. अभ्यासकांनी तो यापूर्वीच केला आहे, आणि तसे तिने प्रामाणिकपणे लिहिलेही होते. लेखांचे मूळ संपादन बी. लुईस राइस यांनी १८८९ मध्ये केले आणि आर. नरसिंहाचार यांची सुधारलेली आवृत्ती १९२३ मध्ये निघाली, हेही तिच्या साधनसूचीत होते. पण अभ्यासकांनी असे म्हटले आहे हे ऐकणे निराळे आणि चौदा वर्षांच्या मुलीने पेन्सिलीने गिरवलेला ‘क’ दुसऱ्या ‘क’वर बसताना पाहणे निराळे. मी ही मतभेदाची बाब वाचली नव्हती असे नाही. वाचली होती, आणि बाजूला ठेवली होती. वर्गात गुंतागुंत नको, हे एक कारण. दुसरे कारण सांगायला अधिक कठीण : मला ते वाक्य ९८३ चे हवे होते. २००६ च्या महामस्तकाभिषेकाच्या निमित्ताने याच मासिकात मी त्यावर चार पानांचा लेख लिहिला होता, आणि तो अनेकांनी जपून ठेवला आहे असे मला कौतुकाने सांगितले जाते.

तिच्या टेबलापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. संशोधक बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिने साधनांची वही पुढे केली. मग सरांनी ट्रेसिंग पेपर उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि हळूच म्हणाले, “वळण सारखे आहे, मान्य. पण बाळ, दुसऱ्या ओळीच्या कोरक्याने पहिली ओळ समोर ठेवून तिचेच वळण गिरवले नसेल, हे कशावरून?”

मुलगी थांबली. मला वाटले, आता ती शिकवलेले काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “हे मी धरलंच नव्हतं, सर.” मग थोड्या वेळाने : “म्हणजे ‘गैरसमज’ म्हणता येणार नाही. शंका म्हणता येईल.” तिने पेन्सिल घेतली आणि फलकावरच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह काढले. मग ते पुसून, ‘गैरसमज’ शब्दावर एक रेघ मारून खाली ‘शंका’ लिहिले. फलक विद्रूप दिसू लागला. तिचे वडील मागे उभे होते. त्यांचा चेहरा पडला.

मी एकच प्रश्न विचारला : “पहिली ओळ १११७ ची ठरली तर मग सर्वांत जुना मराठी लेख कोणता?” तिला ठाऊक होते. अलिबागजवळच्या अक्षीचा, शके ९३४ म्हणजे १०१२ चा. पण त्या शकाच्या वाचनावरही वाद आहे, म्हणून भीमा-सीनेच्या संगमावरील कुडलचा, शके ९४० म्हणजे १०१८ चा. “सोलापूर जिल्ह्यातलाच आहे, मॅडम,” ती म्हणाली, जणू तेवढ्याने माझे सांत्वन होईल.

निकालाची बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. कार्यक्रम आटोपून सर्वांची सायंभोजने सूर्यास्तापूर्वी व्हायची असल्यामुळे आम्हांला चाळीस मिनिटे होती. आम्ही खोलीत जाण्याआधी संस्थेतील एक ज्येष्ठ, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, मला व्हरांड्यात भेटले. माणूस सज्जन, शाळेसाठी स्वतःची जमीन दिलेला. ते म्हणाले, “बाई, त्या मुलीचं ऐकलं मी. हुशार आहे. पण बाहुबली स्वामींच्या पायाशी आपल्याला मिळालेला मान आपल्याच पोरीनं काढून घ्यायचा, आणि आपण तिला ढाल द्यायची, हे बरं दिसतं का? बाहेरचे लोक आपलं काय काय काढून घ्यायला टपलेत, तुम्हांला ठाऊक आहे.” मी म्हटले, “अण्णा, अजून काही ठरलेले नाही.” त्यांनी मान डोलावली. माझे ते उत्तर खरे होते, तरी पुरेसे नव्हते.

खोलीत थर्माकोलच्या बाहुबलींचा निकाल दोन मिनिटांत लागला. मूर्ती गावातील सजावटकाराने केली होती, हे मुलांनीच निरागसपणे सांगून टाकले होते. वहीत साधन म्हणून एका भ्रमणध्वनी-संदेशाचा उल्लेख होता. मांडणीचे उत्तेजनार्थ पारितोषिक. उरली ती मुलगी आणि तो जतचा मुलगा.

मी मुलीच्या बाजूने बोलले. बोलता बोलता मला स्वतःचाच संशय आला. तिच्या कामासाठी मी झगडत होते, की माझ्या लेखाचे प्रायश्चित्त तिच्या ढालीवर भागवीत होते? संशोधक बाई म्हणाल्या, “मुलीचा प्रश्न मोठा आहे, पण तिने हाती असलेल्या पुराव्यापेक्षा अधिक बोलून प्रकल्प मांडला आणि सरांनी विचारल्यावर दुरुस्त केला. मुलाने एकही शब्द पुराव्याबाहेर लिहिला नाही, आणि ती साधने त्याने स्वतः निर्माण केली. ती म्हातारी माणसे गेली की ती वही हेच मूळ साधन.” मी म्हटले, दुरुस्त करण्याची तयारी हाच इतिहासाचा मोठा गुण नव्हे काय? सर म्हणाले, “गुण आहे. पण आपण प्रकल्पाला गुण देतो आहोत, दुपारी दीड वाजता तिने दाखवलेल्या मनाला नव्हे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पूर्ण नाही. मुलाला पहिले, मुलीला दुसरे पारितोषिक ठरले. ते बरोबर ठरले की नाही, हे मी अधूनमधून स्वतःशी उलटसुलट करीत असते.

पारितोषिक वितरणात अण्णांनी मला पाहून समाधानाने हात जोडले. त्यांना वाटले, मी त्यांचे ऐकले. तसे नाही हे सांगायला जवळ जाऊ लागले, तोवर पंगतीची घाई सुरू झाली होती आणि कोणीतरी माझ्या हातात नारळ दिला.

जतचा मुलगा प्रमाणपत्र घेऊन एस. टी. चुकू नये म्हणून धावत गेला. रेशनकार्ड टेबलावरच विसरला; संशोधक बाई ते घेऊन त्याच्यामागे फाटकापर्यंत पळाल्या. मुलगी मात्र थांबली होती. दुसऱ्या क्रमांकाबद्दल ती काही बोलली नाही. तिने सरांना विचारले, एका ओळीचे वळण दुसऱ्याने गिरवले आहे की दोन्ही एकाच हातच्या आहेत, हे ओळखायचे कसे? सरांनी तिला भिंतीशी बसवून कागदावर नागरी ‘क’ची शतकागणिक बदलत गेलेली रूपे काढून दाखवायला सुरुवात केली. वडील चपला घालून तिची वाट पाहत उभे होते. मी त्यांना म्हटले, “तुमची लेक फार छान बोलली.” ते म्हणाले, “पण बाई, ती म्हणते ते खरं आहे का?” मी म्हटले, “ते अजून कोणालाच पक्के ठाऊक नाही.” त्यांना हे उत्तर आवडले नसावे.

निघताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मॅडम, तुमचा लेख आमच्या घरी आहे. आजीनं कपाटात ठेवलाय. प्रकल्पाची सुरुवात मी त्यावरूनच केली. साधनसूचीत घातला नाही, कारण…” आणि ती अडखळली. मी म्हटले, “घालायला हवा होतास. दुय्यम साधन म्हणून. आणि पुढे टीप लिहायला हवी होतीस.”

ती टीप आता मीच लिहिते. २००६ च्या महामस्तकाभिषेकाच्या निमित्ताने या मासिकात प्रसिद्ध झालेल्या माझ्या लेखातील ‘इ. स. ९८३ मध्ये कोरलेले मराठीचे पहिले वाक्य’ हे शब्द ज्यांच्या संग्रही असतील, त्यांनी ते पुढीलप्रमाणे दुरुस्त करून वाचावेत : ‘गोम्मटेश्वराच्या पायांशी कोरलेली, मराठीतील अतिप्राचीन लेखांपैकी एक अशी ओळ. तिच्यावर शक नाही. काही अभ्यासक ती मूर्तीच्या काळाची, म्हणजे दहाव्या शतकाच्या अखेरची मानतात. शेजारच्या गंगराजाच्या ओळीशी अक्षरवळण जुळत असल्यामुळे काही जण ती बाराव्या शतकाच्या आरंभीची मानतात.’